गाडीला नावं ठेवायची नाहीत

धाकटीबद्दल सांगायचं तर चांगलं सांगण्यासारखं खूप आहे आणि वाईट एकच, की ती थोरल्या भावाचं ऐकत नाही. लहानपणी ऐकायची. पुढे शिंगं फुटली.

धाकटी लाँड्रीत इस्त्रीला आहे. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जातं. तिने घातलेली चादरीची घडी अशी, की कडेवरून बोट फिरवताना जपून फिरवावं. हे घरच्यांचं कौतुक नाही, शेजारच्या टेबलावरच्या बायका स्वतः सांगतात, आणि त्या बायका कोणाला सहजासहजी चांगलं म्हणणाऱ्यातल्या नाहीत.

पण धाकटीचं लक्ष इस्त्रीवर कमी आणि खिडकीबाहेर जास्त. खिडकीबाहेर लाँड्रीची व्हॅन उभी असायची. धुतलेले गठ्ठे भरून ती सकाळी निघायची आणि मळलेले घेऊन दुपारी परतायची. मधल्या वेळात ती कुठे कुठे जाते याचा विचार करत धाकटी कोटाच्या कॉलरी दाबायची. तिला लहानपणापासून गाडी चालवायचं वेड. पाटावर बसून ताटलीचं स्टिअरिंग करायची आणि आईला म्हणायची, बाजूला हो, चिरडशील. चिरडशील की चिरडली जाशील, एवढं तेव्हा कळत नव्हतं, पण रुबाब पुरता होता.

तर व्हॅनचा ड्रायव्हर नोकरी सोडून आपल्या मुलीकडे राहायला निघाला. धाकटी तशीच उठली, कपाळावरचा घाम पुसला आणि मालकीणबाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"बाई, व्हॅन मी चालवते."

मालकीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लायसन्स आहे?"

"येईल."

"कधी येईल?"

"लवकरच येईल."

"महिनाअखेरपर्यंत आणलंस तर व्हॅन तुझी. नाहीतर माझ्या भाच्याचा एक मित्र रिकामा बसलाय, त्याला बसवते. मग पुन्हा माझ्याकडे तोंड वाकडं करून यायचं नाही."

एवढंच बोलणं झालं. धाकटी टेबलाशी परत आली आणि तिने एका डॉक्टरच्या कोटाला दोन्ही बाह्यांवर चार चार घड्या पाडल्या.

आता गाडी चालवायला येत होती का तिला? येत होती म्हणजे काय, अशी येत होती की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. वर्षभर थोरल्याने तिला शिकवलं होतं, थोरल्याच्या स्वतःच्या गाडीवर.

थोरला घरं रंगवतो. शिक्षण बेताचं, पण भिंतीसमोर उभा राहिला की भिंत ऐकते. गाडी त्याने एका दातांच्या डॉक्टरकडून घेतली. त्या डॉक्टरने ती कोणाकडून तरी घेतली होती आणि त्या कोणीतरी आणखी कोणाकडून. गाडी दारात आली त्या दिवशी अख्खी गल्ली बाहेर आली होती. तीन दारं निळी आणि एक पांढरं. थोरला म्हणाला, पांढरं मुद्दाम ठेवलंय, गर्दीत ओळखायला सोपं जातं.

गाडीचे स्वभाव हळूहळू कळत गेले. ब्रेक पहिल्या दाबाला नुसता हुंकार द्यायचा, दुसऱ्याला विचार करायचा, तिसऱ्याला लागायचा. गाडीची ओढ कायम डावीकडे, म्हणून स्टिअरिंग सतत थोडं उजवीकडे धरून ठेवायचं, तेव्हा कुठे ती सरळ जायची. हॉर्न दाबून वाजत नसे, पण स्टिअरिंगला डावीकडे झटका दिला की आपोआप बोंबलायचा. दुसरा गियर टाकला की उडून बाहेर यायचा, म्हणून शेजारी बसणाऱ्याने तो हाताने धरायचा. ड्रायव्हरची सीट गाडी सुटताना सर्रकन मागे जायची, म्हणून वहिनी मागे बसून दोन्ही पाय तिला टेकवायची. वळणावर ड्रायव्हरचं दार उघडायचं, त्याच्या कडीला दोरी बांधली होती आणि दोरीचं टोक आईच्या हातात. पेट्रोलचा काटा गाडी आली त्या दिवशी निम्म्यावर होता आणि तिथेच राहिला. समोर एक लाल दिवा सारखा जळायचा, त्यावर थोरल्याने जखमेवरची पट्टी चिकटवली होती. त्यानंतर तो दिवा दिसला नाही.

म्हणजे गाडीत बसायचं तर प्रत्येकाला काम. पाहुणे आले तर त्यांनासुद्धा. एकदा वहिनीच्या मावशीला बरोबर नेलं, तर त्या बिचारीला वाटेत खिडकीची काच धरून बसावं लागलं. ती उतरली ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी चालतच येईन गं, हात रिकामे राहतात."

पण थोरल्यासमोर बोलायची सोय नव्हती. कोणी म्हणालं ब्रेक उशिरा लागतो, की थोरला म्हणायचा, "घाई कशाला पाहिजे?" कोणी म्हणालं पेट्रोलचा वास येतो, की म्हणायचा, "म्हणजे पेट्रोल आहे. काटा बघायची गरज नाही." समोरच्या गॅरेजचा मिस्त्री तर दात काढून विचारायचा, "पेंटर, आज गाडीत कोण कोण ड्यूटीवर?" थोरला मान वळवायचा. गाडीला नावं ठेवायची नाहीत, हा घरातला नियम. गाडीला ठेवलेलं नाव त्याला स्वतःला ठेवल्यासारखं लागायचं. सगळ्या घराण्यात चार चाकं दारात आणणारा तो पहिला, त्यामुळे लागणारच.

धाकटीने मात्र नियम कधी पाळला नाही. जेवायला बसलं की सुरू. "दादा, पट्टा लागत नाही, त्याची कडी अडकतच नाही."

"मांडीखाली दाबून बस."

"ब्रेक एक दिवस दगा देईल."

"आजवर दिलाय का?"

"दिल्यावर सांगायला मी असेन का?"

"अहो, ती बरोबर बोलतेय," वहिनी म्हणायची. "माझे पाय बघा, सीट ढकलून ढकलून पोटऱ्या पैलवानासारख्या झाल्यात."

"मग तोटा काय झाला?" थोरला विचारायचा.

असं असूनही धाकटी त्या गाडीवर शिकली. तिचा उजवा पाय ब्रेकवर तीनदा नाचायचा, हात स्टिअरिंग उजवीकडे पेलून धरायचे, हॉर्न पाहिजे तिथे मनगटाने बारीक झटका, सगळं एकाच वेळी. मागून बघितलं तर बाई गाडी चालवतेय की कणिक तिंबतेय, कळायचं नाही. गाडी मात्र सरळ जायची. तिच्या हातून कधी कुंडीसुद्धा फुटली नाही.

मग परीक्षेचा दिवस आला. गाडी आपली आपण न्यायची असा तिथला नियम. मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या, मध्ये मध्ये पिंपं ठेवलेली. परीक्षा घेणारे साहेब बारीक, सुकलेले, आवाज वर न चढवणारे. ते शेजारी येऊन बसले आणि पट्टा ओढू लागले.

"तो लागत नाही साहेब," धाकटी अदबीने म्हणाली. "मांडीखाली दाबून बसा."

साहेबांनी पट्टा सोडला. मग त्यांना मागे कोणीतरी श्वास घेतंय असं वाटलं म्हणून त्यांनी वळून पाहिलं. मागे आई आणि वहिनी.

"या कोण?"

"ही वहिनी. सीट धरते. ही आई. दार धरते."

आईने दोरी दाखवली.

"आणि तुम्ही, साहेब, जमलं तर दुसरा गियर धरा. एरवी माझा भाऊ धरतो."

साहेब दार उघडून उतरले आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "गाडी दुरुस्त करून या. आणि माणसं कमी करून या." पुढची तारीख दिली ती नेमकी महिनाअखेरच्या आदल्या दिवसाची.

त्या दिवशी घरी आल्यावर धाकटी बोलली ते आजवर कधी बोलली नव्हती. आवाज चढवून नाही. भाकरी मोडत मोडत, खाली बघत.

"दादा, मला व्हॅन पाहिजे. तुझ्या गाडीला लोक हसले, त्याचं मला काही नाही. पण आई आणि वहिनीला मागे बसवून मी रोज ब्रेकवर तीनदा पाय मारते ना, तेव्हा दरवेळी दुसऱ्या दाबाला माझ्या पोटात गोळा येतो. वर्षभर येतोय. तुला सांगितलं की तुला राग येतो."

थोरला ताटावरून उठला. हात धुतले आणि बाहेर जाऊन गाडीच्या बॉनेटला टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो गाडी घेऊन कामाला जायला लागला. म्हणाला, रंगाचे डबे जड आहेत. धाकटीला वाटलं, राग अजून उतरला नाही, गाडीसुद्धा आपल्याला शिवू देत नाही. ती लाँड्रीत दुपारच्या सुट्टीत खुर्चीवर बसून सराव करायची. एकटीने सगळं कसं करायचं ते तिने ठरवलं. सीट मागे जाऊ नये म्हणून स्टिअरिंगला लोंबकळायचं, दुसरा गियर डाव्या गुडघ्याने दाबून धरायचा, दारासाठी गठ्ठे बांधायची सुतळी. शेजारच्या बायका जेवता जेवता बघायच्या. एक म्हणाली, "अगं, हिला अंगात वारं भरलंय का?" दुसरी म्हणाली, "नाही, ती दुसऱ्या गियरमध्ये आहे."

खरी गोष्ट वेगळीच होती. थोरला डबे घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, मागच्या बाजूने वळायचा आणि मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये मागच्या दाराने शिरायचा. सौदा असा ठरला होता की मिस्त्रीने गाडी करायची आणि थोरल्याने गॅरेज रंगवायचं, आतून, वर पत्र्यासकट. गॅरेज म्हणजे काळोखी भिंती आणि तेलाचे ओघळ, पण थोरल्याने त्याचं असं काही करून टाकलं की पुढे लोक गाडी बिघडली नसली तरी डोकावून जायचे. मिस्त्री गाडीखालून एकेक भाग बाहेर काढायचा आणि विचारायचा, "पेंटर, हे काय आहे ओळखा." थोरला शिडीवरून म्हणायचा, "तू तुझं काम कर." पण ब्रेकचा भाग बाहेर आला तेव्हा तो शिडीवरून उतरला. हातात घेऊन बघितला. मग तो पुन्हा शिडीवर चढला आणि बराच वेळ एकाच पत्र्यावर ब्रश फिरवत राहिला.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? घरी येऊन सांगेल, बाई, गाडी केली दुरुस्त. पण तसं सांगायचं म्हणजे आधी ती बिघडलेली होती हे कबूल करायचं. ते थोरल्याच्या तोंडून निघेना. त्याने मिस्त्रीला शपथ घातली आणि स्वतः गप्प बसला.

परीक्षेच्या दिवशी धाकटी लाँड्रीतूनच परस्पर मैदानावर गेली. थोरला आई आणि वहिनीला घेऊन गाडीने आला होता. त्या दोघींना त्याने चिंचेखाली उभं केलं आणि तोंड उघडायचं नाही म्हणून दम भरला. वाटेत वहिनीला पाय टेकवावे लागले नव्हते, आईला दोरी सापडली नव्हती, तेव्हा दोघींच्या पोटात बातमी मावत नव्हती. मिस्त्रीही आला होता, आपलं काम बघायला.

"गाडी चकाचक दिसतेय," धाकटी म्हणाली.

"धुतली," थोरला म्हणाला.

"मागे कोणी नको ना?"

"कशाला पाहिजे? पहिल्यापासून ठणठणीत आहे गाडी."

धाकटीने कपाळाला हात लावला. खिशातून सुतळी काढली, एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. तेवढ्यात साहेब आले. त्यांनी आधी मागे पाहिलं. मागे कोणी नाही म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. मग त्यांनी सुतळी पाहिली.

"हे काय?"

"दार, साहेब."

"दार तर लागलंय."

"आत्ता लागलंय."

साहेबांनी पट्टा ओढला, टक् आवाज झाला. धाकटीनेही ओढला, टक्. ती दचकली. आज नशीब जोरावर आहे, एवढाच विचार तिच्या मनात आला, कारण पट्टा लागल्याचा आवाज तिने त्या गाडीत कधी ऐकलाच नव्हता.

गाडी सुटली. सीट मागे जाणार म्हणून धाकटी स्टिअरिंगला लटकली, सीट जागची हलली नाही, आणि तिचं नाक जवळजवळ काचेला लागलं. स्टिअरिंग तिने सवयीने उजवीकडे पेललं होतं. गाडी गुमान उजवीकडे निघाली. समोर पिंप. धाकटीने ब्रेकला तीनदा दणके द्यायचे म्हणून पहिला दिला. गाडी खुंट्याला बांधल्यासारखी जागच्या जागी थांबली. साहेब पुढे गेले, पट्ट्याने धरले म्हणून परत आले. दुसरा आणि तिसरा दणका तिने उभ्या गाडीलाच दिला.

"चला पुढे," साहेब म्हणाले.

पुढे एक कुत्रं रेघेवर बसलं होतं. हॉर्न द्यायचा म्हणून धाकटीने मनगटाने डावीकडे झटका दिला. हॉर्न काही वाजला नाही, गाडी मात्र रेघ सोडून डावीकडच्या गवतात शिरली. तिने दुसरा गियर टाकला आणि गुडघ्याने असा दाबून धरला की पुढे तो बदलेचना. गाडी गवतात आचके देत उभी राहिली. कुत्रं उठून आलं आणि खिडकीतून बघून गेलं.

साहेबांनी चष्मा नीट केला. "बाई, तुम्ही भांडताय कोणाशी?"

धाकटीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. हा प्रश्न बरोबर होता. गाडी काहीच करत नव्हती. ओढत नव्हती, घसरत नव्हती, बोंबलत नव्हती. जे काय चाललं होतं ते ती एकटीच करत होती. तिने समोर बघितलं. जिथे पट्टी चिकटवलेली असायची तिथे पट्टी नव्हती, आणि दिवा विझलेला होता. पेट्रोलचा काटा भरलेल्या खुणेवर होता.

तिने काच खाली केली. काच एका बोटाने खाली गेली.

"दादा," तिने हाक मारली. "काय केलंस गाडीला?"

चिंचेखाली मिस्त्री आभाळाकडे बघायला लागला.

"धुतली," थोरला म्हणाला.

"दादा, व्हॅन जातेय माझी."

साहेब तिच्याकडून त्याच्याकडे आणि पुन्हा तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "गाडी बदलली असेल तर एक फेरी हात बसवायला देता येते. गाडी बदलली आहे का? नंबर तर तोच दिसतोय."

थोरला गवतातून चालत आला. तोंड असं की दाढ उपटायला निघालाय. खिडकीपाशी उभा राहिला.

"नंबर तोच आहे, साहेब. बाकी सगळं बदललंय."

"म्हणजे आधी ती चालवण्यालायक नव्हती?"

वहिनीने आईचा हात धरला. असा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नव्हता आणि त्याचं उत्तर कोणी ऐकलं नव्हतं.

"नव्हती," थोरला म्हणाला.

आणि एकदा बूच निघालं म्हटल्यावर तो थांबेना. "ब्रेक तिसऱ्या दाबाला लागायचा, साहेब. पट्टा लागत नव्हता. दार वळणावर उघडायचं. हॉर्न स्वतःच्या मर्जीने वाजायचा. पेट्रोलचा वास असा की घरी जाऊन माझं डोकं दुखायचं, मी कोणाला सांगितलं नाही. ही पोरगी पहिल्या दिवसापासून सांगत होती, मी ऐकलं नाही." इथे त्याने श्वास घेतला, आणि मान आपोआप ताठ झाली. "एवढी खराब गाडी या शहरात दुसरी नव्हती, साहेब. शोधून दाखवा. आणि माझी बहीण ती वर्षभर चालवत होती. एक ओरखडा नाही. तुमच्या मैदानावर चांगल्या गाड्या घेऊन येतात, त्यातल्या एकाला तरी जमलं असतं का विचारा."

"खरं आहे," मिस्त्री मागून म्हणाला. "मी भाग बघितलेत. मी बसलो नसतो."

साहेबांच्या सुकलेल्या तोंडावर काहीतरी हललं. "एक फेरी घ्या हात बसवायला," ते म्हणाले. "आणि ती सुतळी सोडा आधी."

सुतळी सोडताना धाकटीला हसू आवरेना. एकदा फुटलं ते फुटलंच. आई हसायला लागली, वहिनी हसायला लागली, थोरला रागाने बघता बघता स्वतःच फुटला. साहेब घड्याळ बघत बसले.

मग धाकटी सरळ बसली. जाड चादरीवर फिरणारा हात रेशमी कापडावर आला की हलका करावा लागतो, नाहीतर कापड जळतं. हे काम तर ती रोज करते. तिने स्टिअरिंग नुसतं धरलं. गाडी सरळ गेली. ब्रेकवर पाय टेकवला, गाडी थांबली. एकदाच. पोटात गोळा आला नाही. तिने पुन्हा एकदा उगाचच ब्रेक लावून बघितला, नुसता खात्रीसाठी, आणि साहेबांनी काही म्हटलं नाही.

फेरी संपली, खरी परीक्षा झाली. पिंपांमधून गाडी अशी काढली की दोन्ही बाजूंना सारखी जागा. उलटी घेतली ती एका दमात. साहेब उतरताना म्हणाले, "उद्या लायसन्स घेऊन जा." दोन पावलं जाऊन थांबले आणि म्हणाले, "तुम्ही ती पहिली गाडी आणली असती तरी पास झाला असता. मी बसलो नसतो, एवढंच."

घरी येताना धाकटीच चालवत होती. सगळे बसले होते आणि कोणाला काही काम नव्हतं. थोरल्याचा हात दोनदा गियरकडे गेला आणि परत आला. आई वळणावर मूठ आवळून बसायची.

"आई, दोरी नाहीये," वहिनी म्हणाली.

"माहीत आहे गं. पण रिकामं कसं बसायचं."

दुसऱ्या दिवशी धाकटीने लायसन्स मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उलटून पालटून बघितलं आणि चावी दिली. धाकटी व्हॅनमध्ये बसली, अंगणात एक चक्कर मारली आणि इंजिन बंद करून परत टेबलापुढे उभी राहिली.

"आता काय?"

"पट्टा अर्ध्यातच अडकतो. ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतो. आधी दुरुस्त करा, मग गठ्ठे भरते."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं व्हॅन चालतेय. आजवर एका ड्रायव्हरने तक्रार केली नाही."

"आजवर मी नव्हते, बाई," धाकटी म्हणाली.

हे वाक्य थोरल्याने रात्री जेवताना तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, आणि सकाळी व्हॅन घेऊन तिच्याबरोबर मिस्त्रीकडे गेला तेव्हा रंगवलेल्या भिंतीसमोर उभं राहून, जमलेल्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं. व्हॅनला नावं ठेवायला मात्र त्याने धाकटीला पुढे केलं. म्हणाला, तिच्याइतकी नावं कोणाला ठेवता येत नाहीत.